गावाला दहापैकी किती गुण?

गेल्या महिन्यात आमचा मस्कतकर घरी आला होता. मस्कतकर हे त्याचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं मस्कतला नोकरी केली म्हणून आम्हा शाळासोबत्यांनी ठेवलेलं नाव. आखातातल्या नोकरीची गोष्ट गोव्यात घराघरात ठाऊक आहे. नोकरी आहे तोवर राहायचं, नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो आणि माणूस सामानसुमान बांधून गावी येतो. तोही तसाच आला. फोंड्याजवळचं वडिलांचं घर डागडुजी करून उघडलं. मुलगी कॅनडात, मुलगा इंग्लंडात. एक अख्खा पावसाळा त्या मोठ्या घरात नवराबायको दोघांनी काढला, आणि आता त्याला ते घर नकोसं झालं आहे.

त्याच्या हातात एक फाईल होती. फाईलमध्ये संगणकावर केलेलं कोष्टक. आडवे रकाने घरभाडं, हवा, इस्पितळं, इंटरनेट, इंग्रजी, सुरक्षितता, खाणं यांचे. उभ्या ओळीत शहरं: थायलंडमधलं चियांग माई, तिथलंच समुद्राकाठचं हुआ हिन, मलेशियातलं पेनांग. प्रत्येकाला दहापैकी गुण दिलेले. चियांग माई पहिलं, 8.4. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: 'गोवा (घर)', 5.7.

"तू वाचणारा माणूस. तुझं मत सांग," तो म्हणाला.

मी त्या वेळी काही बोललो नाही. वहिनी समोर होत्या, आणि त्या 5.7 वरून माझी नजर हलत नव्हती. पण मत आहे, आणि ते इथे लिहून टाकतो. हा प्रश्न आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. आखातातून परतलेले, अमेरिकेत चाळीस वर्षं काढून थंडीला कंटाळलेले, मुंबई-पुण्यात फ्लॅट विकून हाती बरा पैसा आलेले असे पुष्कळ जण असली कोष्टकं करत बसलेले मला ठाऊक आहेत.

सुरुवातीलाच सांगतो, म्हातारपणी परदेशात जाऊन राहायला माझा विरोध नाही. जन्मभूमीचे गोडवे गाऊन कुणाला घरात डांबून ठेवण्यात अर्थ नाही. माझं भांडण आहे ते निवडण्याच्या या रीतीशी. शहर म्हणजे हॉटेलची खोली असल्यासारखं आपण ते निवडतो. भाडं किती, पंखा की एसी, न्याहारी धरून की वेगळी? पण हॉटेलात माणूस चार दिवस राहतो. इथे आपण म्हातारं व्हायला निघालो आहोत, आणि नीट विचार केला तर मरायलाही.

आता त्या 8.4 वाल्या चियांग माईचंच घेऊ. शहर सुंदर आहे, यात शंका नाही. 1296 साली राजा मंगराय याने वसवलेलं, जुन्या गावाभोवती अजून चौकोनी खंदक, जिकडेतिकडे विहार, पश्चिमेला डोई सुथेपचा डोंगर. हिवाळा गुलाबी. मस्कतकराने हवेला दहापैकी नऊ गुण दिले होते. मी नंतर विचारलं, "फेब्रुवारी ते एप्रिलचं काय?" तर म्हणाला, "तेव्हा थोडा धूर असतो म्हणे."

थोडा! दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास डोंगरउतारांवरची जंगलं पेटतात, मक्याची आणि भाताची खुंटं जाळली जातात, शेजारच्या म्यानमार आणि लाओसमधला धूरही त्यात येऊन मिळतो. शहर खोलगट दरीत. वारा पडलेला. धूर तिथेच साचून राहतो, इतका की समोरचा डोई सुथेप दिसेनासा होतो. 2023 च्या मार्चमध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत चियांग माई अनेक दिवस अगदी वर होतं. साठी-सत्तरीच्या फुप्फुसांसाठी हा थोडा धूर नव्हे.

पण मुद्दा धुराचा नाही. धूर आला की कोण काय करतं, हा मुद्दा आहे. निवृत्त परदेशी मंडळींना ज्या सल्ल्याच्या पुस्तिका मिळतात त्यांत सरळ लिहिलेलं असतं: मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेला समुद्रावर जा, पाऊस पडला की परत या. ज्याला परवडतं तो जातो. आणि गावकरी? त्यांच्यातल्या काहींनी एप्रिल 2023 मध्ये थेट पंतप्रधान आणि सरकारी यंत्रणांविरुद्ध चियांग माईच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावला. जानेवारी 2024 मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि धुरावर तातडीची योजना 90 दिवसांत करा असं सरकारला बजावलं. गिऱ्हाईक दुकान आवडलं नाही की दुसरीकडे जातं. गावकरी तिथेच राहून भांडतो. कोष्टक करणारा माणूस पहिल्या ओळीपासूनच आपलं नाव गिऱ्हाइकांत घालून मोकळा होतो, आणि मग 'तिथे आपलेपणा मिळेल का?' असाही एक रकाना ठेवतो. गिऱ्हाइकाला आपलेपणा कुठून मिळणार? फार तर 'या, बसा' मिळेल.

आपण गोंयकार तरी हे विसरायला नको होतं. 2006 च्या अखेरीस प्रादेशिक आराखडा 2011 विरुद्ध गोव्यात लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या सभांना कोण होतं? भाताची शेतं, डोंगर, झरी यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध होता ते होते. किनाऱ्यावरच्या बंद बंगल्यांचे मालक फारसे नव्हते. ते गोव्याला गुण देऊन मोकळे झाले होते.

हो, कारण आपण स्वतःच दुसऱ्यांच्या कोष्टकातली एक ओळ आहोत. दिल्ली, मुंबई, बंगळूर, मॉस्को, लंडन अशा कितीतरी ठिकाणच्या फायलींमध्ये 'गोवा' असं लिहिलेलं आहे आणि पुढे गुण आहेत. भाड्याला इतके, समुद्राला इतके, 'लोक साधे आहेत' याला इतके. त्या गुणांची किंमत कोण मोजतं ते पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणालाही विचारा. मांद्रे-मोरजीकडे बदली झालेल्या शाळामास्तराला वर्षभरासाठी खोली मिळत नाही, कारण घरमालकाला सीझनमध्ये चार महिन्यांतच वर्षाचं भाडं सुटतं. यात घरमालकाचा दोष फारसा नाही आणि पाहुण्याचाही नाही. पण एकाला 'स्वस्त' वाटणारं भाडं दुसऱ्याला गावाबाहेर ढकलतं, एवढं खरं.

पेनांगलाही हेच झालं. जॉर्ज टाउनमधल्या जुन्या दुमजली घरांत, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी, टोपलीवाले, सुतार, उदबत्त्या करणारे, मिठाईवाले पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. भाडेनियंत्रणाचा जुना कायदा होता म्हणून भाडं परवडत होतं. तो कायदा उठवला आणि 2000 सालापासून संरक्षण गेलं. पुष्कळ कुटुंबं शहराबाहेर गेली. 2008 मध्ये युनेस्कोने जॉर्ज टाउनला जागतिक वारशाचा मान दिला, घरं रंगली, कॅफे आले, राहायच्या खोल्या आल्या. आज ज्या 'जुन्या जगाच्या वातावरणा'ला मस्कतकराने आठ गुण दिले आहेत, ते वातावरण ज्यांनी केलं त्यांतले कितीतरी आता तिथे राहत नाहीत.

आता कागदपत्रांकडे येतो, कारण एकतीस वर्षं परवान्यावर जगलेल्या माणसाला हे मी सांगावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं. थायलंडच्या निवृत्ती व्हिसाला वय 50 हवं. तिथल्या बँकेत 8 लाख बाट, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर रुपये, किंवा महिना 65 हजार बाटचं उत्पन्न दाखवायचं. एवढं करून मिळतं ते एका वर्षाचं राहणं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. दर 90 दिवसांनी 'मी अजून याच पत्त्यावर आहे' असं सरकारला कळवायचं. जमीन नावावर होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रापैकी 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांकडे जाऊ शकतं. 2019 च्या ऑक्टोबरपासून, आपल्या देशातून हा दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन जाणाऱ्यांना आरोग्यविमा सक्तीचा झाला. 2024 पासून वर्षात 180 दिवस राहणाऱ्याने बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कराचे नियम कडक झाले.

मलेशियाचंही तेच. 'मलेशिया माझं दुसरं घर' अशा प्रेमळ नावाची योजना 2002 पासून चालू होती. 2020 मध्ये ती थांबवली आणि 2021 मध्ये नव्या अटींसह उघडली, तेव्हा महिन्याच्या उत्पन्नाची अट 10 हजार रिंगिटवरून एकदम 40 हजारांवर गेली होती. आधीच राहायला गेलेल्यांनाही ती लागेल अशी भीती पसरली. मोठी ओरड झाली, तेव्हा जुन्यांना त्यातून वगळलं. 2024 मध्ये पुन्हा नवी रचना, रुपेरी, सोनेरी, प्लॅटिनम अशा पायऱ्यांची. यात त्या देशांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पाहुण्यांना कोणत्या अटीवर घ्यायचं हा यजमानाचा हक्क आहे. पण ज्याला 'दुसरं घर' म्हणतात त्याचा दरवाजा दरवर्षी कुणीतरी दुसरं उघडतं, हे कोष्टकाच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

आणि हे सगळं पहिल्या वर्षाचं झालं. कोष्टकं नेहमी पहिल्या वर्षाची असतात. हातीपायी धड, सकाळी फिरायला जाणारा, संध्याकाळी बाजारात पपई घेणारा असा निवृत्त माणूस डोळ्यासमोर ठेवून ती केलेली असतात. माझं म्हणणं आहे की हिशेब उलटीकडून करावा. शेवटचं वर्ष आधी धरावं. दोघांपैकी एक गेलेलं आहे, दुसऱ्याला दिसत नाही नीट, परवान्याच्या नूतनीकरणाला रांगेत उभं राहायला कुणीतरी लागतंय, विमा कंपनी वयाकडे बघून हप्ता वाढवतेय. त्या वर्षाला चियांग माई किती गुण देईल?

याचं एक उत्तर तिथेच सापडतं, आणि मला ते अस्वस्थ करतं. मार्टिन वूडली नावाच्या स्विस गृहस्थाने आपल्या अल्झायमर झालेल्या आईला चियांग माईला आणलं. तिथल्या बायकांनी तिला ज्या मायेने सांभाळलं ते पाहून 2003 मध्ये त्याने अशा रुग्णांसाठी एक वसतिस्थान सुरू केलं. युरोपातले विसरभोळे म्हातारे तिथे येतात. एकेका रुग्णामागे तीन-तीन सांभाळणाऱ्या, पाळीपाळीने, दिवसरात्र. स्वित्झर्लंडमध्ये हे कुणालाही परवडणार नाही. मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही. त्याने आईला टाकून दिलं नाही, उलट तिच्यासोबत गेला. पण 'परवडतं' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे बघा. थायलंडमध्येही आता पाचांत एकाहून अधिक माणूस साठीच्या पुढचं आहे आणि मुलं फार थोडी जन्मतात. ती सांभाळणारी बाई आठ-आठ तास दुसऱ्याच्या आईपाशी बसते तेव्हा तिच्या खेड्यातल्या आईपाशी कोण बसतं? गोव्याच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या कितीतरी बायकांनी आखातात आणि युरोपात दुसऱ्यांची पोरं आणि म्हातारी सांभाळून घरी पैसे धाडले. त्या पैशांवर उभ्या राहिलेल्या घरांत आज कुलपं आहेत.

इथपर्यंत मी जे लिहिलं ते मस्कतकराला फोनवर ऐकवलं. तो शांतपणे ऐकत होता. मग एकच वाक्य बोलला: "हांगा तरी कोण आसा रे म्हजें?"

आणि इथे मला थांबावं लागलं. त्याचं खोटं नाही. वाड्यावरच्या दहा घरांपैकी सहा बंद. चवथीला माटोळी बांधायलाही माणसं गोळा करावी लागतात. जुन्या मित्रांतले कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात गेले, कुणी कायमचे गेले. रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण काढणार, हा प्रश्न चियांग माईइतकाच फोंड्यातही आहे. 'आपलं गाव' म्हणून छाती बडवणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. मी ते देऊ शकत नाही. पण एक पाहिलेली गोष्ट सांगू शकतो.

आमच्या गावात बारा वर्षांपूर्वी पुण्याहून एक निवृत्त शिक्षिका येऊन राहिल्या. एकट्या. इथे नातंगोतं काही नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी समोरच्या घरातल्या मुलाला गणित शिकवलं, कारण तो अंगणात रडत बसला होता. दुसऱ्या वर्षी त्यांच्या पडवीत संध्याकाळी पंधरा मुलं. कोकणी आधी मोडकी बोलायच्या, आता पोदेराशी पावाच्या आकारावरून भांडण्याइतकी येते. दोन वर्षांपूर्वी त्या पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळात रात्री झोपायला गावातून पाळ्या लागल्या. पाळ्या लावणारा तोच रडका मुलगा होता; आता वीज खात्यात आहे. त्या बाईंनी इथे यायच्या आधी कोष्टक केलं होतं का, मी विचारलं नाही. पण त्यांना पाळ्या मिळाल्या त्या भाडं स्वस्त होतं म्हणून नाहीत.

परक्या भूमीतही हे घडतं. चियांग माईत पिंग नदीच्या पूर्वेला परदेशी लोकांची एक दफनभूमी आहे. 1898 मध्ये राजा चुलालाँगकॉर्न याने ती जागा दिली. सागाचे व्यापारी, मिशनरी, सर्व्हेवाले तिथे मातीआड झाले. ते सगळे संत नव्हते. सागाची जंगलं ज्यांनी कापून नेली त्या कंपन्यांत आपल्या मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनही होती. पण त्याच काळात तिथे मॅक्कीन नावाचा एक अमेरिकन डॉक्टर होता. कुष्ठरोग्यांना गावं हाकलून देत होती, तेव्हा 1908 मध्ये त्याने नदीतल्या बेटावर त्यांच्यासाठी आश्रम काढला. ती संस्था आजही आहे, आणि तिच्या आवारात आता म्हाताऱ्यांची देखभालही होते. परका माणूस एखाद्या शहराचा कसा होतो, याचं हे एक जुनं उत्तर. तो काही देऊ लागतो, तेव्हा होतो.

म्हणून मस्कतकरा, ते कोष्टक फाड असं मी म्हणत नाही. इस्पितळ आणि विमा बघायलाच हवा. व्हिसाच्या अटी दोनदा वाच. फक्त आणखी चार रकाने घाल. तिथली भाषा मी दोन वर्षांत बाजारात भांडण्याइतकी शिकणार आहे का? तिथे मी काय काम करीन, बिनपगारी, जे कुणाला तरी हवं असेल? मार्चमध्ये धूर आला तर मी राहीन की पळेन? आणि मी ज्या घरात राहायला जाणार त्या घरात आधी कोण राहत होतं? या चार रकान्यांत गुण शहराला द्यायचे नाहीत. स्वतःला द्यायचे आहेत.

आणि मग तेच चार रकाने 'गोवा (घर)' या शेवटच्या ओळीलाही लाव. भाषा येते, तिथे पैकीच्या पैकी. बाकी तिन्हींचं काय? या वर्षभरात तू ग्रामसभेला किती वेळा गेलास? शाळेच्या मुलांना, ज्यांच्यापैकी निम्मी उद्या तुझ्यासारखीच परदेशी जाणार आहेत, तू आखाताच्या चार खऱ्या गोष्टी कधी सांगितल्यास? तूही इथे गिऱ्हाईक म्हणूनच परतलास, आणि माल पसंत पडला नाही म्हणून आता निघालास. हे कडवट वाटेल, पण साठ वर्षांच्या मैत्रीत एवढं बोलायला हरकत नसावी.

परवा तो पुन्हा आला होता. नोव्हेंबरात एक महिना चियांग माईला जाऊन येतो म्हणाला, आणि मुद्दाम मार्चमध्येही पंधरा दिवस. मला ते बरं वाटलं. फाईल या वेळी नव्हती. जाताना दारात थांबून म्हणाला, "त्या तुमच्या बाईंकडे मुलांना इंग्रजी शिकवायला कुणी आहे का रे?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. विचारलं आहे. बुधवारी संध्याकाळी पाचला या, म्हणाल्या बाई.